प्रश्न उद्भवत नाही

आमच्याकडे म्हातारी माणसं पेन्शनला पेन्शन म्हणत नाहीत, पगार म्हणतात. निराधारचा पगार, श्रावणबाळचा पगार, फार जुनी माणसं डोलचा पगार. आमदारांच्या संपर्क कार्यालयात कामाला लागून मला चार दिवस झाले होते, तेव्हा एक आजी आल्या आणि म्हणाल्या, "सायेब, चार म्हैनं झालं, पगार न्हाई." मी वहीतून मान वर करून विचारलं, "कुठं कामाला आहात आजी?" बाहेरच्या बाकावरची सगळी मंडळी हसली. आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं पासबुक काढलं आणि टेबलावर ठेवलं.

त्याआधी मी एका जिल्हा दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. ताईंनी (आमच्या आमदार, मतदारसंघात सगळे ताईच म्हणतात) मला घेतलं ते 'याला लिहिता येतं' एवढ्याच गुणावर. काम असं सांगितलं होतं की निवेदनं वाचायची, पत्रं तयार करायची आणि अधिवेशनाच्या आधी प्रश्न काढायचे. 'प्रश्न काढणे' हा आमच्या धंद्यातला शब्द. प्रश्न स्वीकारला जाऊन यादीत आला की 'प्रश्न लागला'. नाही आला तर 'गेला'.

पहिल्या अधिवेशनासाठी मी जो प्रश्न लिहिला, तो आठवला की अजून कान गरम होतात. "तालुक्यातील हजारो निराधार वृद्ध प्रशासनाच्या अक्षम्य अनास्थेमुळे उपासमारीच्या खाईत लोटले गेले आहेत, हे खरे आहे काय?" त्याखाली आणखी तीन उपभाग, एकापेक्षा एक जळजळीत. विधानभवनातून तो स्वीकृत होऊन आला तेव्हा त्यातली 'अक्षम्य', 'अनास्था', 'उपासमार' आणि 'खाई' ही सगळी मंडळी गायब होती. उरलं ते एवढंच, की तालुक्यातील हजारो लाभार्थी अनुदानापासून वंचित आहेत, हे खरे आहे काय. आणि त्याचं लेखी उत्तर आलं:

(१) हे खरे नाही.
(२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

दोन ओळी. मी भडकलो. ताई म्हणाल्या, "माझ्यावर ओरडू नकोस, काकांकडे जा."

काका म्हणजे मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालेले आमच्याच गावचे गृहस्थ. आयुष्यभर त्यांनी असल्या प्रश्नांची उत्तरं तयार केली होती. म्हणजे मी ज्यांच्याशी लढायला निघालो होतो, त्या फळीतलेच. त्यांनी माझा कागद वाचला आणि विचारलं, "हजारो कशावरून?"

"म्हणजे, खूप आहेत."

"खूप म्हणजे किती? नऊशे नव्व्याण्णव असले तरी 'हजारो' हे खरे नाही. त्या कारकुनानं खोटं लिहिलेलं नाही. तुम्हीच त्याला दार उघडून दिलंत. आणि पहिला भाग खरा नाही म्हटला, की बाकीचे तीन त्याच्यावर टेकून उभे आहेत, ते आपोआप पडले. प्रश्न उद्भवत नाही."

मग त्यांनी मला शिकवणी दिली, ती जवळपास तीन तास चालली. विधानसभेच्या प्रश्नाचा एक साचा असतो. सुरुवात ठरलेली: सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय. मग भाग. पहिल्या भागात घटना असते, 'माहे अमुक मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय'. हे 'वा त्यादरम्यान' मला सुरुवातीला हास्यास्पद वाटायचं. काका म्हणाले, तेच सोन्याचं आहे. घटना १२ तारखेची आणि तुम्ही ११ लिहिली, तर 'हे खरे नाही' म्हणता येतं. 'वा त्यादरम्यान' लिहिलं की ती पळवाट बुजते. दुसऱ्या भागात 'असल्यास, चौकशी केली काय', तिसऱ्यात 'त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे', आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. प्रश्नात तर्क चालत नाही, उपरोध चालत नाही, कोणाचं मत विचारता येत नाही, न्यायालयात असलेलं प्रकरण चालत नाही. राज्य सरकारच्या अखत्यारीत नसलेलं तर अजिबात नाही.

"बातमीत विशेषण लागतं," काका म्हणाले, "प्रश्नात ते अडकतं. तुम्ही आकडा विचारा. तोही असा, की तो कोणाच्या तरी रजिस्टरमध्ये आधीच लिहिलेला असेल."

हे शेवटचं वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

पुढच्या खेपेला मी लिहायला बसलोच नाही. तीन सोमवार, म्हणजे बाजाराचे तीन दिवस, कार्यालयाच्या ओट्यावर खुर्ची टाकली आणि ज्यांचा पगार बंद आहे त्यांचीच पासबुकं बघत बसलो. एकेचाळीस पासबुकं झाली. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना, अशा दोन्हींतली माणसं होती. तेव्हा २०२३ चा पावसाळा होता आणि त्याच जुलैपासून महिन्याचं अनुदान हजाराचं दीड हजार झालं होतं. त्यामुळे ज्यांचा पगार चालू होता त्यांच्या तोंडावर आनंद होता आणि ज्यांचा बंद होता त्यांना आता दीडपट बोच होती.

मला वाटायचं, पगार बंद होण्यामागे कोणीतरी हरामखोर असतो. एकेचाळीसपैकी एकाही पासबुकात मला हरामखोर सापडला नाही. काहींचा हयातीचा दाखला दिलेला होता, पण तहसीलच्या नोंदीत चढला नव्हता, म्हणजे कागदोपत्री माणूस मेलेला. काहींची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, शाखेचा आयएफएससी कोड बदलला आणि तहसीलच्या यादीत जुनाच राहिला. एका आजोबांचं नाव आधारवर 'बाबुराव' आणि बँकेत 'बापूराव'. काहींचं खातं दोन वर्षं पैसे न काढल्यामुळे निष्क्रिय झालेलं. पैसे का काढले नाहीत? तर मुलगी बाळंतपणाला येईल तेव्हा एकदम काढू म्हणून साठवत होत्या. एकजण तर बंद नसलेल्या पगाराचीच तक्रार घेऊन आले होते. दारिद्र्यरेषेच्या यादीतल्या वृद्धांच्या रकमेत २०० रुपये केंद्राचे असतात, वय ८० च्या पुढे गेलं की ५००. ते वेगळे जमा झाले की त्यांना वाटायचं पगार कापला.

यातली बँकेची भानगड मी जरा खोदली. तेव्हा यादी तहसीलमधून बँकेकडे जायची, बँक खात्यांवर रक्कम टाकायची, ज्या खात्यावर जायची नाही ती परत यायची. परत यायची म्हणजे कुठे यायची? तहसीलच्या खात्यात. आणि तिथे ती पडून राहायची, कारण परत आलेल्या नावांची यादी बघून माणसाला निरोप देणं हे कोणाचंच नेमून दिलेलं काम नव्हतं. संगांयो शाखेतल्या (संजय गांधी योजनेची शाखा, कागदावरही तोच शब्द चालतो) एका कारकुनानं चहा पिता पिता मला हे सांगितलं. अगदी सहज सांगितलं, लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

मग प्रश्न असा झाला: अमुक तालुक्यात या दोन योजनांतील किती लाभार्थ्यांचे अनुदान माहे अमुकपासून बँकेकडून परत आले, ती एकूण रक्कम किती, ती सध्या कोणत्या खात्यात आहे, किती लाभार्थ्यांना तसे लेखी कळविण्यात आले, हे खरे आहे काय, असल्यास, नसल्यास. एकही विशेषण नाही. काकांनी वाचून फक्त एक स्वल्पविराम काढला.

उत्पन्नाच्या मर्यादेबद्दलही मी एक भाग घातला होता. या योजनेला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागतं. भागून बघा, दिवसाला अठ्ठावन्न रुपयेसुद्धा होत नाहीत. पूर्ण घराचे. एवढ्या कमाईत घर चालत नाही हे दाखला मागणाऱ्याला माहीत असतं, देणाऱ्यालाही माहीत असतं, आणि तरी सगळा तालुका एकवीस हजारांवर येऊन थांबलेला असतो. 'ही मर्यादा वाढविण्याचा शासन विचार करणार आहे काय' असं मी लिहिलं, तर काका म्हणाले, काढा. अशा भागाला 'बाब विचाराधीन आहे' एवढंच उत्तर येतं आणि वाचणाऱ्याचं लक्ष आकड्यांवरून उडतं. मी काढला. अजून वाटतं, काढायला नको होता. विचाराधीन तर विचाराधीन, निदान कुठेतरी छापलं गेलं असतं.

पेन्शनच्या नावाखाली आणखी दोन प्रकारची माणसं यायची. एक म्हणजे शिक्षक आणि सरकारी कर्मचारी, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेले, म्हणून जुन्या पेन्शनला मुकलेले. त्यांची गोष्ट सोपी. ते प्रश्न टाइप करूनच आणत, सगळ्या आमदारांना एकच मसुदा, एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र झाले की यादीत आमदारांच्या नावांचीच अर्धी ओळ. त्यांच्यामागे संघटना होती, मार्चमध्ये आठवडाभराचा संप करून झाला होता. त्यांना माझी गरज नव्हती.

दुसरे होते ईपीएस-९५ वाले, म्हणजे भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या केंद्राच्या पेन्शन योजनेतले. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक मामा दर महिन्याला यायचे. बत्तीस वर्षं बॉयलरवर काढली होती. या योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून १ हजार रुपये आहे ती आहेच. "निराधारला दीड हजार, आन् आमच्या पगारातून कापून घेतलं तरी आम्हाला हजारभर," असं ते म्हणायचे, आणि याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विषय केंद्राचा. विधानसभेत तो प्रश्न दारातच परत येतो. मी त्यांना खासदारांच्या नावे पत्र करून द्यायचो, ते घडी घालून खिशात ठेवायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यायचे. एकदा म्हणाले, "तुमचं ते विधानसभा, लोकसभा ऱ्हाऊ द्या. मला एवढंच सांगा, माझा प्रश्न उद्भवतो कुठं?" त्यांना काकांच्या त्या वाक्याबद्दल काहीही माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

कचऱ्याचा प्रश्न मात्र माझ्या घरातून निघाला.

आमच्या गल्लीत घंटागाडी येते. तिला दोन कप्पे आहेत, एक हिरवा, एक निळा. घनकचरा व्यवस्थापनाचे तेव्हाचे, २०१६ चे नियम सांगत होते की घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक, म्हणजे जुनी औषधं, ट्यूबलाइट, रंगाचे डबे वगैरे, असा तीन भागांत कचरा वेगळा करायचा. बायको ते इमानेइतबारे करते. एका रविवारी मी मोटरसायकलवर गाडीच्या मागे मागे डेपोपर्यंत गेलो. गावाबाहेर गायरानात डेपो. गाडीनं मागचं फाळकं उघडलं आणि हिरवं-निळं सगळं एकाच ढिगावर. घरी येऊन हे सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी करणं सोडणार नाही. तू तुझं काम कर."

पण 'कचरा एकत्र टाकला जातो, हे खरे आहे काय' असं विचारलं असतं तर उत्तर आलं असतं 'हे खरे नाही', आणि सोबत विलगीकरण शंभर टक्के असल्याचा तक्ता. मग पुन्हा काकांचं सूत्र: कोणाच्या रजिस्टरमध्ये आधीच काय लिहिलेलं आहे? ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात. टन ठरतात वजनकाट्यावर. म्हणजे पावत्या आहेत. आणि नियमाप्रमाणे वेगळा केलेला सुका कचरा पुढे कोणाला तरी दिलेला असणार, म्हणजे त्याच्याही पावत्या हव्यात.

माहिती अधिकारात एका महिन्याच्या पावत्या मागवल्या. गठ्ठा आला. दोन रात्री मी तो जमिनीवर पसरून बसलो होतो. एकच गाडी, एकच नंबर, चौदा मिनिटांत तीनदा भरून आलेली. आमच्या गावात चौदा मिनिटांत घंटागाडी एक चौकही पार करत नाही. पावसाळ्यातल्या दिवसांत वजन वाढलेलं, ते समजू शकतो, ओला कचरा भिजतो. पण दोन दिवस असे होते की नाल्याच्या कामाचा राडारोडा निघाला होता आणि बरोबर त्याच दिवशी 'घरगुती कचऱ्याचं' वजन उडी मारत होतं. माती वजनाला चांगली असते. सुक्या कचऱ्याच्या विक्रीची मात्र एकही पावती नव्हती.

प्रश्नाचे पाच भाग केले. चौथ्यात ठेकेदाराचं नाव आणि त्याला त्या वर्षात दिलेली एकूण रक्कम विचारली होती. प्रश्न ऑनलाइन भरायच्या आदल्या संध्याकाळी ताईंना फोन आला. पलीकडे कोण होतं हे मला माहीत आहे, पण ते इथे महत्त्वाचं नाही; आमच्याच बाजूचा माणूस होता एवढं पुरे. ताई बराच वेळ 'हो', 'बघते', 'असं कसं' करत राहिल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "चौथा भाग काढ."

मी म्हटलं, "ताई, तोच तर मुद्दा आहे."

"मुद्दा पावत्यांचा आहे. पावत्या राहू देत. नाव तर अख्ख्या गावाला पाठ आहे, मंत्र्यांनी कशाला सांगायला पाहिजे?"

मी काढला. त्या रात्री मला ताईंचा राग आला होता. आता तेवढा येत नाही. त्यांना पूर्ण प्रश्नच मागे घ्यायला सांगितलं होतं, हे मला दोन महिन्यांनी कळलं.

स्वीकृत प्रश्न विधानभवनातून मंत्रालयात त्या त्या विभागाकडे जातो. तिथून खाली, आयुक्त किंवा संचालनालय, जिल्हाधिकारी, आणि मग तहसीलदार नाहीतर मुख्याधिकारी. सरकारी कचेऱ्यांत त्याला 'एलएक्यू' म्हणतात आणि ते तीन अक्षरी नाव ऐकलं की पंख्याखाली बसलेला माणूससुद्धा उठून कपाट उघडतो. आमचा निराधारचा एलएक्यू तहसीलमध्ये पोचला त्या दिवशी तो चहावाला कारकून मला रस्त्यात भेटला. "तुमच्यापायी दिवाळीची सुट्टी गेली बरं का," म्हणाला. ते सगळेजण बसून परत आलेल्या रकमांची यादी करत होते. अशी यादी त्याआधी कधी कोणी केलीच नव्हती. 'किती' या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर मोजावं लागतं. मोजताना नावं डोळ्यांपुढे येतात. आणि 'किती जणांना कळविले' याला शून्य लिहायची लाज वाटते, म्हणून उत्तर वर पाठवायच्या आधी त्यांनी कोतवालांना गावोगाव पाठवून लोकांना कळवलं. मंत्र्यांनी सभागृहात तोंड उघडायच्या आधीच आमच्या एकेचाळीसपैकी निम्म्याहून जास्त पासबुकांत पैसे पडले होते.

हिवाळी अधिवेशन नागपूरला असतं. मी पहिल्यांदाच गेलो होतो. आमदार निवासात खोलीवर ताईंसोबत आलेले कार्यकर्ते, त्यांच्यासोबत आलेले त्यांचे मेव्हणे, आणि गादीच्या कडेला मी. सकाळी थंडीत तर्री पोहे खाऊन विधानभवनात गेलो. यादीत आमचा प्रश्न नववा होता. प्रश्नोत्तराचा तास म्हणजे तासच. सुरुवातीला गदारोळात काही मिनिटं गेली, तिसऱ्या प्रश्नावर उपप्रश्न इतके आले की कोणी बसायलाच तयार होईना, आणि सातव्यावर तास संपला. ताईंनी उपप्रश्नांचे मुद्दे लिहिलेला माझा कागद हातात धरला होता. तो त्यांनी चार घड्या करून पर्समध्ये टाकला.

जे प्रश्न तोंडी होत नाहीत त्यांची छापील उत्तरं सभागृहाच्या पटलावर ठेवलेली समजली जातात. आमचं उत्तर मी बाहेर, भिंतीला टेकून वाचलं. पहिल्याच शब्दाला थांबलो. 'अंशतः खरे आहे.' पुढे आकडा, रक्कम, खातं. शेवटी, सर्व संबंधित लाभार्थ्यांना कळविण्यात आले असून रक्कम वितरित करण्याची कार्यवाही सुरू आहे. मी काकांना फोन केला आणि वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अंशतः म्हणजे त्यांनी पूर्ण मान्य केलं. घरी या आता."

कचऱ्याचा प्रश्न तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तरासाठी दिला होता, तो अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तराचा होऊन गेला आणि त्याचं उत्तर यायला पुढचं अधिवेशन उजाडलं. तेही 'अंशतः'. वजनकाट्यावर सीसीटीव्ही कॅमेरा बसविण्यात आला आहे, मुख्याधिकाऱ्यांमार्फत चौकशी करण्यात येत आहे.

कॅमेरा खरंच बसवला होता. मी जाऊन बघून आलो. नंतर बरेच दिवस जाणं झालं नाही.

त्या पहिल्या आजी परवा पुन्हा आल्या होत्या. पगार चालू आहे, शेजारणीचं काम होतं. जाताना विचारलं, "तुमी म्हमईला सांगितलं म्हनून झालं व्हय?" मी म्हटलं, नागपूरला. त्यांना ते पटलं नाही. नागपूर म्हणजे संत्री, सरकार मुंबईला.

आणि गेल्या रविवारी मी डेपोकडे चक्कर मारली. काट्याच्या खांबावर कॅमेरा आहे, पण त्याचं तोंड आता समोरच्या बाभळीकडे आहे आणि वायर अर्ध्यातून तुटून लोंबते आहे. पुढच्या अधिवेशनाचे प्रश्न भरायला सुरुवात झाली आहे. आज सकाळी पहिला भाग लिहिला: 'अमुक नगरपरिषदेच्या कचरा डेपोतील वजनकाट्यावरील सीसीटीव्ही कॅमेरा चालू महिन्यात वा त्यादरम्यान बंद असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय?' चौथ्या भागात या वेळी पुन्हा नाव विचारलं आहे. ताईंना अजून दाखवलेलं नाही.